पारोशी नात

भिंगारमधल्या निम्म्या माणसांची पाण्याशी पहिली गाठ पडली ती एस्तेरबाई पाटोळ्यांच्या पायांवर. त्यांतले काही आता दाढ्या राखून मोटारसायकली उडवत फिरतात, पण एस्तेरबाई समोरून येताना दिसल्या की गल्ली बदलतात. कारण भर बाजारात थांबवून "तुझ्या टाळूनं माझ्या वाटीभर तेलाचा फडशा पाडला हुता रे," असं ऐकवायला या बाईला काही वाटत नाही.

बाळंतिणीला शेकायचं आणि बाळाला न्हाऊ घालायचं, हे त्यांचं काम. सकाळी उठून एकेका घरी जायचं, मोरीत पाट टाकायचा, लुगडं गुडघ्यावर घेऊन पाय लांब सोडायचे आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ निजवायचं. मग तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी आणि शेवटी निखाऱ्यावर ओवा-वेखंड टाकून धुरी. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, स्वतःच्या ख्रिस्ती आळीत, लष्कराच्या वसाहतीतल्या परप्रांतीय बायकांकडेसुद्धा त्यांनाच बोलावणं असे. आणि एका गोष्टीचा त्यांना फार तोरा होता. दुसऱ्या कुणी न्हाऊ घातलं की पोरं आळी डोक्यावर घेतात, एस्तेरबाईंच्या हातात मात्र गप्प पडून राहतात. "हात वळखतं लेकरू," त्या म्हणायच्या. "ज्याचा हात वळखला त्याच्यापुढं रडत न्हाई."

अशा बाईला स्वतःचं नातवंड व्हायला किती वर्षं वाट पाहावी लागली, ते तिलाच ठाऊक. मुलगा सॅम्युएल टेम्पो चालवायचा आणि लग्न म्हटलं की टेम्पो काढून निघून जायचा. शेवटी देवळाली प्रवऱ्याची जेनिफर सून म्हणून आली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले. एस्तेरबाईंनी त्याच आठवड्यात नवा पाट करून घेतला. जुन्या पाटावर लोकांची पोरं न्हायली होती, घरच्याला नवा हवा.

पण रीत म्हणजे रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पोर देवळालीला जन्मणार, उसाच्या कडेला, विहीण मरियाबाईंच्या घरात. मरियाबाई म्हणजे चार म्हशी, दीड एकर ऊस, अंगानं ऐसपैस, बोलायला कमी. या बाईनं स्वतःच्या दोन पोरांपलीकडे कुणाला न्हाऊ घातलं नव्हतं. आणि पाटोळ्यांच्या नातवंडावर पहिला तांब्या तिनं ओतायचा? एस्तेरबाईंना त्या विचारानं रात्री कूस बदलावी लागे. अजून पोर जन्मायचं होतं, आणि यांच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं होतं.

मग सातव्या महिन्यातच जेनिफरच्या पायांवर सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्तदाब चढला तो उतरेना. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच सिझर करावं लागेल, नाहीतर दोघांच्याही जिवाला धोका. सॅम्युएल भिंतीला टेकून रडला. एस्तेरबाईंनी प्रार्थना केली, मनापासून केली. पण प्रार्थनेच्या मधेच एक विचार शिरला की पोर देवळालीला नाही, नगरला जन्मतंय. त्यांनी त्या विचाराला हाकललं खरं, पण तो फार लांब गेला नाही.

मुलगी झाली. सव्वा किलोची. एस्तेरबाईंनी ती काचेच्या पेटीत पाहिली. आयुष्यभर बाळं हाताळलेली बाई, पण असं बाळ त्यांनी पाहिलं नव्हतं. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. नाकात नळ्या, पायाला वायर, आणि मनगट एस्तेरबाईंच्या करंगळीएवढं.

"ही अजून पोटातच असायला हवी होती," डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर घेऊन समजावलं. "हिच्या अंगावर चरबी नाही, त्यामुळे ऊब टिकत नाही. फुप्फुसं कच्ची आहेत. कधीकधी ही श्वास घ्यायचाच विसरते. चोखून प्यायची ताकद नाही, आणि साधी सर्दीसुद्धा हिला झेपायची नाही. जगेल, पण आपण सगळ्यांनी जपलं तर."

"आंघोळ कधी घालायची?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"आंघोळ नाही, मावशी. तेल चोळायचं नाही, धुरी नाही, शेक नाही. मी सांगेपर्यंत नुसतं कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायचं."

सुताराला घरात शिरू द्यावं आणि लाकडाला हात लावू नको म्हणावं, तसं झालं.

पोरीच्या नळ्या निघाल्या तेव्हा सिस्टरनं नवी गोष्ट सांगितली. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालायचं, आणि उघड्या छातीशी छाती लावून कपड्याच्या आत धरून बसायचं, तासन्‌तास. माणसाच्या अंगाची ऊब बाळाला लागते, त्याचा श्वास लयीत राहतो, वजन वाढतं. आई करेल, आजी करेल, बापानंही करावं. जेनिफर अजून उठून बसायला कण्हत होती. सिस्टरनं दोन्ही आज्यांकडे पाहून विचारलं, "आधी कोण बसतंय?"

"मी," एस्तेरबाई म्हणाल्या आणि पडद्याआड शिरल्यासुद्धा. विहीणबाई तोंड उघडेपर्यंत यांनी चोळीची हुकं काढली होती.

सिस्टर आत आली, आणि थांबली. एस्तेरबाईंच्या छातीखाली दोन्ही बाजूंना गजकर्णाचे लाल चट्टे होते. सकाळभर मोरीत बसायचं, ओली चोळी अंगावर वाळवायची, त्यावरच दुसऱ्या घरी जायचं. त्यातून आलेला तो प्रसाद होता. त्या गुपचूप बाजारातलं मलम लावायच्या, त्यानं चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा पसरायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्याच अंगावर नायटा, हे कळलं तर कोण पोर देईल पायावर?

"हे बरं झाल्याशिवाय बाळ छातीशी नाही घ्यायचं," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "हात धुऊन, कपड्यात गुंडाळून घेत जा. आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा."

"बाहेर बोलू नका, बाई."

"नाही बोलत. पण दाखवा."

एस्तेरबाई बाहेर आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं हे उघडं-बागडं बसणं. तुमीच बसा विहीणबाई." कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली ती अशी. आणि मरियाबाई, त्या बिचाऱ्या "बरं" म्हणून गेल्या.

पडद्याच्या फटीतून एस्तेरबाईंनी पाहिलं. ऐसपैस मरियाबाई खुर्चीत रेलून बसल्या, सिस्टरनं ती इवलीशी पोर त्यांच्या छातीच्या मधोमध ठेवली, वरून कापड बांधलं. पोरीनं एकदा मान हलवली, गाल टेकला आणि झोपून गेली. एस्तेरबाईंचा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही त्याला. आयत्या बिळावर नागोबा! यांनी जन्मभर पोरं हाताळली, आणि ही म्हशी धुणारी बाई नुसती बसली तर पोर तिची झाली. संध्याकाळी सॅम्युएल आला, त्यानंही शर्ट काढून पोर घेतली. म्हणजे टेम्पोवाल्याची छाती चालते, आणि आपली नाही.

पोरीला घरी सोडलं तेव्हा थंडी ऐन भरात होती. दवाखाना जवळ म्हणून तिला भिंगारला आणलं, आणि तिच्यापाठोपाठ मरियाबाईही पिशवी घेऊन आल्या. दोन खोल्यांचं घर, त्यात दोन विहिणी. आतल्या खोलीत पलंगावर उशांची रास लावून मरियाबाई पोरीला छातीशी बांधून बसायच्या, जेनिफर थोडा वेळ बसायची, पुन्हा मरियाबाई. त्यांना उठता येत नसे, म्हणून भाकरी-कालवण नेऊन द्यायचं ते एस्तेरबाईंनी. चहा त्यांनीच द्यायचा. पाण्यात वाटी-चमचा उकळून ठेवायचा तोही त्यांनीच.

"लई तरास हुतोय तुमाला," मरियाबाई म्हणायच्या.

"कशाचा तरास? तुमी बसा निवांत. बसायचंच तर काम हाय," एस्तेरबाई म्हणायच्या आणि चहात साखर कमी टाकायच्या.

सिस्टरनं एक गोष्ट सगळ्यांना शिकवून ठेवली होती. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही उबदार तर बाळ सुखात. पोट ऊन आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरा आणि तसंच दवाखान्यात या, वाट बघू नका. हे एवढं एस्तेरबाईंच्या वाट्याला आलं होतं. जाता-येता त्या विहिणीच्या पदराखाली हात घालून पोरीचा पाय चाचपायच्या. पाय नेहमी ऊन लागायचा, आणि दर वेळी त्यांना बरंही वाटायचं आणि खुपायचंही.

त्या दिवशी सकाळी त्या मुबारकबींच्या घरी त्यांच्या सुनेच्या, उझ्माच्या मुलाला न्हाऊ घालत होत्या. पूर्ण दिवसांचं, गुबगुबीत पोर, पाणी पडलं तरी मजेत पडून होतं. मुबारकबी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. थट्टेखोर बाई, मनात काही नाही, पण जिभेला हाड नाही.

"काय एस्तेरबाई, आमचा नातू रोज न्हातोय. तुमची नात म्हणे अजून पारोशी?"

"डॉक्टर नको म्हनतात."

"डॉक्टरला काय माहीत? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि ऐकलं की विहीणबाईच पोरीला घेऊन बसते रात्रंदिवस. तुम्हाला देतात का नाही हातात?"

एस्तेरबाईंनी बाळाचं नाक पुसलं. पण तो शब्द सबंध रस्ताभर त्यांच्याबरोबर घरी आला. पारोशी. एस्तेर पाटोळेची नात पारोशी.

घरी आल्या तर सॅम्युएल जेनिफरला रक्तदाब दाखवायला घेऊन गेला होता. मरियाबाई रात्रभर पोरीला घेऊन बसलेल्या, डोळे तांबारलेले. त्यांनी नुकतंच पोरीला वाटी-चमच्यानं दूध पाजलं होतं. पोर टोपी-मोज्यांत, दुपट्यात नीट गुंडाळून त्यांनी एस्तेरबाईंच्या हातात दिली.

"मी जरा पाठ टेकते, विहीणबाई. पाय बघत ऱ्हावा. काय वाटलं तर हाक मारा."

हाक मारा! स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीसाठी हिला हाक मारायची. एस्तेरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आतून घोरण्याचा आवाज यायला लागला तशा त्या उठल्या. बंबात पाणी होतंच. नवा पाट भिंतीला टेकून कितीतरी दिवस वाट पाहत होता.

वाईट करावं असं त्यांच्या मनात नव्हतं, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. पाणी कोपरानं तपासलं. वारा नको म्हणून मोरीच्या जाळीला पोतं लावलं. तेल कोमट केलं. मग पाटावर बसून पाय लांब सोडले आणि पोरीचे मोजे काढले, टोपी काढली.

खोबणीत पोर बसेचना. इतकी लहान, की दोन नडग्यांच्या मधून निसटायला लागली. शेवटी एस्तेरबाईंनी पाय आवळून धरले आणि एका तळहातानं तिला तोलली. तेल लावलं, जिरवलं. पिठाचा हात फिरवला. पहिला तांब्या ओतताना त्यांना भरून आलं.

"आता झालीस पाटोळ्यांची," त्या पुटपुटल्या. "त्या आजीला काय येतं गं? नुसतं बसायला येतं. म्हसरू बी बसतं."

पोर रडली नाही. पाणी पडलं, रडली नाही. पालथी केली, रडली नाही. डोळे किलकिले करून कुठेतरी पाहत राहिली. एस्तेरबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. हात ओळखला! नगरातले डॉक्टर एकीकडे, विहीण एकीकडे, पण रक्तानं हात ओळखला. त्या आनंदात त्यांनी आणखी दोन तांबे ओतले, तिची टाळू थोपटली, तिच्याशी गप्पा मारल्या. घाई कशाला करायची? इतक्या दिवसांचं न्हाणं राहिलं होतं.

पंच्यात घेऊन त्या चुलीशी आल्या, निखारा शेगडीत ओढला, ओव्याची पुरचुंडी काढली. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, हाताची मागची बाजू पोरीच्या पायाला लावली.

पाय मोरीच्या फरशीसारखा लागला. त्यांनी पोटाला हात लावला. पोटही गार होतं.

तेव्हा त्यांनी तोंडाकडे नीट पाहिलं. ओठांभोवती निळसर झाक होती. छाती हलली, पुन्हा हलली, आणि मग हललीच नाही. "ए," एस्तेरबाई म्हणाल्या. "ए बाई!" त्यांनी तळपायाला टिचकी मारली. एक टिचकी, दुसरी. पोरीनं आवंढा गिळल्यासारखा श्वास घेतला आणि मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला. तो आवाज ऐकून त्यांना कळलं की पोर गप्प का होती. हात ओळखला म्हणून नव्हे. रडण्याइतकं बळच तिच्यात उरलं नव्हतं.

हात शेगडीकडे गेला. शेक दिला, गुंडाळून ठेवली, तर घटकेत ऊन होईल आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. असा विचार आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सिस्टरचं बोलणं कानात होतं की शेगडीनं हे कातडं भाजतं, धुरानं श्वास कोंडतो. माणसाची छाती हवी. त्यांनी स्वतःच्या चोळीचं हुक ओढलं. एक निघालं आणि बोटाला खालची खरबरीत कातडी लागली. जिच्यासाठी सर्दीसुद्धा जड, तिला हे लावायचं?

पलीकडच्या खोलीत ती छाती घोरत होती. निरोगी, रुंद, उबदार. जिच्यावर जळत एस्तेरबाईंनी इतके दिवस काढले, तीच.

त्यांनी पोरीचं अंग पंच्यानं झटकन टिपलं, टोपी घातली आणि धावत आत गेल्या. विहिणीला हाक मारायलाही थांबल्या नाहीत. मरियाबाईंच्या चोळीची हुकं त्यांनी स्वतःच्या हातानं काढली आणि पोर तिथे ठेवून वरून दोन चादरी ओढल्या.

मरियाबाई दचकून जाग्या झाल्या. अंगावरचा गारठा त्यांना आधी कळला, मग तेलाचा आणि डाळीच्या पिठाचा वास. त्यांनी एस्तेरबाईंकडे पाहिलं. एस्तेरबाई खाली पाहत होत्या.

"रिक्षा बोलवा," मरियाबाई एवढंच म्हणाल्या.

रिक्षात मरियाबाई पोरीला धरून बसल्या होत्या आणि एस्तेरबाई पदराखाली हात घालून तळपायाला टिचक्या मारत होत्या. नगरचा तो रस्ता इतका लांब त्यांना कधी वाटला नव्हता. दवाखान्यात पोर पुन्हा काचेखाली गेली, पुन्हा नळी लागली. रक्तातली साखर उतरली होती, ती चढवली. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"छातीशी धरून आणलंत म्हणून वाचली. पण हे झालं कसं? आंघोळ घातली कुणी?"

तोवर सॅम्युएल आणि जेनिफरही तिथे पोचले होते. मरियाबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. त्यांनी नाव घेतलं नाही, आणि हेही एस्तेरबाईंना लागलं. हिनं आपल्याला झाकावं अशी वेळ यावी!

"मी घातली," त्या म्हणाल्या. "मीच. ह्या झोपल्या हुत्या."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. जेनिफर रडायला लागली. सॅम्युएल आईवर कधी ओरडला नव्हता, तो तेव्हा ओरडला. "छातीशी धर म्हटलं तेव्हा लाज वाटत होती तुला! आणि नको तेच करायला बरी पुढं गेलीस!" एस्तेरबाईंनी ऐकून घेतलं. खुलासा देता आला असता, पण कुठल्या तोंडानं?

संध्याकाळी दोघी विहिणी बाकावर बसून होत्या. मरियाबाईंनी डबा उघडला, एक भाकरी एस्तेरबाईंच्या पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"एक इचारू का?" मरियाबाई म्हणाल्या. "पोर गार पडली, तर तुमीच का न्हाई धरली छातीशी? मला कशाला उठवलं?"

आजूबाजूला कुणी नाही असं पाहून एस्तेरबाईंनी सगळं सांगून टाकलं. चट्टे, ओल्या चोळ्या, पडद्याआडची सिस्टर. "तुमच्यावर जळत हुते मी," हेही सांगितलं. "तुमच्या छातीवर गाल टेकून झोपायची ना, तवा वाटायचं, उठून घ्यावी हिसकावून."

मरियाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. चावून, गिळून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या म्हशीला झाल्तं तसलंच, गजकर्ण. गेलं मलमानं. नेटानं लावलं म्हंजे जातं."

एस्तेरबाईंनी डोळे वटारून पाहिलं. इतक्या दिवसांचं गुपित बाहेर काढलं, आणि ही बाई म्हशीचं सांगते! पण विहीणबाई अगदी साळसूद चेहऱ्यानं भाकरी खात होत्या. मग एस्तेरबाईंनीही तुकडा मोडला.

पोर पुन्हा घरी आली ती आठवड्याभरानं. एस्तेरबाई कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. बाजारचं मलम त्यांनी कचऱ्यात टाकायला लावलं, आणि चट्टे दिसेनासे झाले तरी औषध थांबवायचं नाही, अंग ओलं ठेवायचं नाही, अशी तंबी दिली. म्हणजे न्हाऊ घालायचं काम बंद. एस्तेरबाईंनी ते बंद केलं. एकदा मुबारकबींच्या भाचीला दिवस भरण्याआधीच पोर झालं, त्याला न्हाऊ घाला म्हणून निरोप आला. या स्वतः उठून गेल्या आणि दारातूनच ओरडल्या, "पाणी लावू नका त्याला! डॉक्टर सांगंल तवाच. आदी छातीशी बांधा." मुबारकबी थट्टा करायची विसरल्या.

घरात मात्र मत्सर काही मलमानं जाईना. पोर वाढत होती, बाळसं धरत होती, डोळे तपासून झाले, ते चांगले निघाले, कान चांगले निघाले. आणि सगळी वाढ विहिणीच्या छातीवर. एस्तेरबाई रोज आरशात बघायच्या. चट्टे फिके होत चालले, मग डाग राहिले, मग डागही गेले. ज्या दिवशी डॉक्टर "आता साफ आहे" म्हणाले, त्या दिवशी त्या रिक्षा करून घरी आल्या आणि थेट आतल्या खोलीत गेल्या.

"आणा इकडं," त्या म्हणाल्या आणि हुकं काढून बसल्या.

मरियाबाईंनी पोर त्यांच्या छातीवर ठेवली. एस्तेरबाईंनी डोळे मिटले. याच क्षणासाठी त्यांनी पावलोपावली मन मारलं होतं. पण पोरीनं गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही पाय एस्तेरबाईंच्या बरगडीत रोवले आणि स्वतःला मागे ढकललं. पुन्हा धरलं, पुन्हा ढकललं. अंग घामेजलं, चेहरा लाल झाला.

"तिला आता नको असतंय ते," जेनिफर हळूच म्हणाली. "काल मम्मीकडेही असंच केलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळ असं सुटायला बघायला लागलं की समजायचं, त्याला आता गरज नाही. अडीच किलोची झाली ना, आई. आणि उद्यापासून आंघोळ घाला म्हणाल्यात."

एस्तेरबाईंनी हुकं लावली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली तापल्यावर त्यांनी दारं लावून नवा पाट टाकला. आता खोबणीत पोर नीट बसली. पहिला तांब्या पडला आणि पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून गेलं. एस्तेरबाईंच्या हातात आजवर कुठलं बाळ एवढं रडलं नसेल. "रड," त्या म्हणाल्या, "रड गं माझी बाय, हाय तेवढं बळ लावून रड." आणि भराभर पाणी घालून, झटकन टिपून तिला दुपट्यात घेतलं.

वर पाहिलं तर दारात मरियाबाई. उद्या देवळालीला जायचं म्हणून पिशवी भरता भरता उठून आलेल्या. दोन्ही हात रिकामे, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, आणि नजर पोरीवर खिळलेली. एस्तेरबाईंना ती नजर ओळखू आली. न ओळखायला काय झालं, इतके दिवस तीच नजर त्यांनी स्वतः डोळ्यांत वागवली होती. खरं सांगायचं तर आधी त्यांना बरंच वाटलं. बघ म्हणावं कसं लागतं ते.

पण पोर थांबेना. खांद्यावर घेतली, थोपटली, गाणं म्हटलं. बऱ्या झालेल्या छातीशी धरली. पोर हुंदके देत मान इकडून तिकडे फिरवत होती, काहीतरी शोधत होती. मरियाबाईंनी हात पुढे केला नाही. "द्या" असंही म्हणाल्या नाहीत.

एस्तेरबाईंनी दोनदा येरझार घातली. तिसऱ्यांदा दाराशी आल्या आणि पोर विहिणीच्या खांद्यावर ठेवली. पोरीनं नाक त्यांच्या गळ्याशी घुसळलं, एक मोठा उसासा टाकला आणि गप्प झाली.

जळल्या एस्तेरबाई. तेव्हाही जळल्या, अगदी पहिल्या दिवसासारख्या. मग त्यांनी हाताची मागची बाजू दुपट्यात घातली आणि पोरीच्या तळपायाला लावली. पाय ऊन होता.

"उद्या नगा जाऊ," त्या म्हणाल्या. "म्हशींचं बघंल कुणीतरी."